नवीन चालक-मालकांसाठी: गाडी बंद पडली, गॅरेजला लागली किंवा ठोकली तर काय करायचं

स्वतःच्या नावावर ट्रक घेऊन स्वतःच स्टेअरिंगवर बसणाऱ्या मित्रांसाठी हे लिहितोय. गाडी चालवायला तुम्हाला येतेच. बहुतेक जण दुसऱ्याच्या गाडीवर वर्षानुवर्षं काढून मगच स्वतःची घेतात. पण मालकाची गाडी बंद पडली की मालकाला फोन केला की झालं, मिस्त्री तो पाठवायचा. आता फोन तुम्हालाच येतात: पार्टीचा (ज्याचा माल आहे त्याचा), ट्रान्सपोर्टवाल्याचा, हप्तेवाल्याचा. त्या घाईत, रात्री, अनोळखी गावात, जो मिस्त्री भेटेल त्याला माणूस "उघड" म्हणून मोकळा होतो. बिघाडाने जेवढं नुकसान होतं, त्याहून जास्त नुकसान या एका शब्दाने झालेलं मी पाहिलंय. म्हणून गाडी कुठे उघडायची, कोण उघडणार, पैसे कुठून येणार आणि कागद कुठे आहेत, हे गाडी व्यवस्थित चालू असतानाच ठरवून ठेवा. पुढे सगळं एकेक करून सांगतो.

माझं चालणं जास्त करून पुणे-बेंगळुरू रस्त्यावर आणि कळंबोली, नाशिक, धुळे बाजूला. त्यामुळे उदाहरणं तिकडची आहेत.

१. आधी कागद

एक जाड प्लास्टिकची फाइल करा आणि सगळ्याचे फोटो मोबाइलमध्येही ठेवा. डिजिलॉकर किंवा एमपरिवहनवरचे कागद रस्त्यावर दाखवायला चालतात. पण मोबाइल बंद पडतो, म्हणून छापील प्रतही हवीच.

- आरसी, फिटनेस, परमिट, टॅक्सची पावती, पीयूसी
- विम्याची पूर्ण पॉलिसी, पहिलं पान एकटं नको
- लायसन्स (ट्रान्सपोर्टची मुदत वेगळी संपते, ती बघा)
- बिल्टी (माल वाहतुकीची पावती), मालाचं इनव्हॉइस, ई-वे बिल
- गाडी वॉरंटीत असेल तर सर्व्हिसची सगळी बिलं

फिटनेस गाडी ८ वर्षांची होईपर्यंत दर २ वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी करावं लागतं. तारीख चुकली आणि त्याच आठवड्यात अपघात झाला, तर विमा कंपनी क्लेम अडवायला पहिलं बोट तिथेच ठेवते.

आता एक सापळा, जो खूप घरांमध्ये असतो. कर्ज सहज मिळावं म्हणून गाडी बायकोच्या किंवा वडिलांच्या नावावर घेतात आणि चालवतो आपण. पॉलिसीत मालक-चालकासाठी १५ लाखांचं वैयक्तिक अपघात संरक्षण असतं. ते आरसीवर ज्याचं नाव आहे त्याच्यासाठीच, आणि तो स्वतः वैध लायसन्सवर चालवत असेल तेव्हाच. नाव बायकोचं आणि चालवणारे तुम्ही, तर तुम्ही त्यात बसत नाही. तुमच्यासाठी चालकाचं वेगळं संरक्षण जोडून घ्या. क्लीनर असेल तर त्याचंही. प्रीमियम थोडाच वाढतो, पण मागे राहणाऱ्या घराला त्याचा मोठा आधार असतो.

२. केबिनमध्ये आणि टूलबॉक्समध्ये

जॅक, टॉमी, व्हील पाना, पान्यांचा सेट हे तर असतंच. त्याशिवाय एक-दोन डिझेल फिल्टर, फॅन बेल्ट, होस पाइप आणि क्लिपा, हवेच्या पाइपचा तुकडा आणि कपलिंग, फ्यूज, बल्ब, ५ लिटर इंजिन ऑइल, कूलंट, पिण्याव्यतिरिक्त २० लिटर पाणी, चांगली बॅटरी (टॉर्च) आणि अग्निशामक ठेवा. चाकामागे लावायला दोन लाकडी गुटके ठेवा. रस्त्यावरचा दगड लावला की निघताना तो तिथेच राहतो आणि मागून येणारा दुचाकीवाला त्यावर पडतो. लाल परावर्तक त्रिकोण एक नको, दोन घ्या.

फोन नंबर कागदावर लिहून सनशेडला चिकटवा: राष्ट्रीय महामार्गाची मदत १०३३, पोलीस ११२, रुग्णवाहिका १०८, विमा कंपनी, गाडीच्या कंपनीची रोडसाइड मदत, आणि तुमच्या नेहमीच्या रस्त्यावरचा प्रत्येक टप्प्यात एक ओळखीचा मिस्त्री. हा शेवटचा नंबर सगळ्यात मोलाचा. रिकामी गाडी घेऊन परतताना थांबा, चहा घ्या, ग्रीसिंग करून घ्या आणि ओळख करून ठेवा.

३. इंजिन आधी सांगतं, ते ऐका

रोज सकाळी गाडी सपाट जागेवर असताना, स्टार्ट करण्याआधी ऑइलची काडी काढा. ऑइल कमी झालं तर जळतंय किंवा गळतंय. ऑइल *वाढलं* तर जास्त गंभीर: त्यात डिझेल किंवा पाणी मिसळतंय. काडीवर दुधाळ रंग दिसला तर गाडी सुरूच करू नका.

धुराचे रंग असे वाचा:

- काळा: डिझेल जास्त किंवा हवा कमी. एअर फिल्टर चोक, इंटरकूलरचा पाइप फाटलेला, नोझल खराब.
- निळा: ऑइल जळतंय. रिंगा, वॉल्व्हचे सील किंवा टर्बो.
- पांढरा: सकाळी गार इंजिनवर थोडा वेळ आला तर काळजी नाही. गरम झाल्यावरही येत राहिला आणि कूलंट कमी होत असेल, तर हेड गॅस्केट किंवा हेडला चीर.

गाडी ओढत नाही, ही सगळ्यात नेहमीची तक्रार. आणि याच तक्रारीवर सगळ्यात जास्त इंजिनं विनाकारण उघडली जातात. तपासणी नेहमी स्वस्ताकडून महागाकडे करा. आधी एअर फिल्टर. मग टर्बो ते इंटरकूलरचे पाइप, क्लिपा घट्ट आहेत का. मग डिझेल फिल्टर आणि पाण्याच्या सेपरेटरमधलं पाणी. टाकीतली जाळी आणि सक्शन पाइप. एक्झॉस्ट ब्रेकची झडप अर्धवट अडकलीय का. चारही बाजूंच्या हबजवळ हात नेऊन बघा, एखादा जास्त तापलाय म्हणजे ब्रेक धरून राहिलाय. क्लच सरकतोय का. एवढं सगळं झाल्यावरच नोझल, पंप आणि कॉम्प्रेशनच्या गोष्टी.

दुसरा मोठा सापळा "बॅक कॉम्प्रेशन". ब्रीदरमधून (इंजिनातला दाब बाहेर सोडणाऱ्या नळीतून) धूर येताना दिसला की मिस्त्री म्हणतो, "लायनर-पिस्टन गेलं, इंजिन बांधावं लागेल," म्हणजे पूर्ण उघडून नव्याने जोडावं लागेल. खरंही असू शकतं. पण टर्बोचे सील गेले किंवा ब्रेकच्या हवेचा कॉम्प्रेसर घासला, तरी इंजिनात दाब जाऊन ब्रीदर तसाच भकभकतो. कॉम्प्रेसरचा पाइप सोडून थोडा वेळ इंजिन चालवलं की फरक कळतो. हवेच्या टाकीचा ड्रेन उघडल्यावर ऑइल येत असेल तर संशय कॉम्प्रेसरवर घ्या. कॉम्प्रेसरचं काम आणि पूर्ण इंजिनचं काम यांच्या खर्चात जमीन-अस्मानाचा फरक आहे. कॉम्प्रेशन टेस्ट केल्याशिवाय इंजिन बांधायला होकार देऊ नका.

काटा लालकडे सरकला तर बाजूला घ्या. कूलंट गळत नसेल तर काही मिनिटं आयडलवर चालू ठेवा, म्हणजे पंखा आणि पाणी फिरत राहतं. कूलंट वाहून गेलं असेल तर लगेच बंद. झाकण उघडायची घाई नको, त्या वाफेने तोंड आणि हात भाजलेले चालक मी पाहिलेत. तापलेल्या इंजिनवर गार पाणी ओतलं तर हेड तडकतं. ऑइल प्रेशरचा दिवा लागला तर मात्र "पुढच्या ढाब्यापर्यंत" हा विचारही मनात आणू नका, तिथेच बंद करा.

क्वचित घडणारा पण भयंकर प्रकारही माहीत हवा: टर्बोचा सील फुटून इंजिन स्वतःचंच ऑइल पीत सुटतं. चावी काढली तरी थांबत नाही. गाडी उभी असेल तर ब्रेक घट्ट दाबून, सगळ्यात वरचा गिअर टाकून क्लच सोडा, म्हणजे इंजिन दाबलं जाऊन थांबेल. हवा घेणाऱ्या पाइपवर फळी दाबूनही थांबतं, पण हात कधीही लावू नका. जमलं नाही तर लांब व्हा.

४. बीएस-६ गाडी असेल तर

एप्रिल २०२० पासून नव्या गाड्या बीएस-६ आहेत आणि जुन्या हाताच्या मिस्त्रीचं अर्धं ज्ञान इथे लागू पडत नाही. डीईएफ म्हणजे शुद्ध पाण्यातलं ३२.५ टक्के युरिया. शेतातला युरिया विरघळवून किंवा खुल्या कॅनमधलं स्वस्त डीईएफ टाकून पैसे वाचत नाहीत, धूर साफ करणारा एससीआरचा कॅटॅलिस्ट जातो. डीईएफच्या टाकीत चुकून डिझेल गेलं तर चावी फिरवू नका, आधी टाकी रिकामी करून घ्या.

डीपीएफचा (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा) दिवा लागला की रीजनरेशन, म्हणजे साचलेली काजळी जाळणं, पूर्ण होऊ द्या. अर्धवट तोडत राहिलात तर फिल्टर चोक होतो आणि ऑइलमध्ये डिझेल उतरतं. उभ्या गाडीवर रीजनरेशन करताना खाली वाळलेलं गवत किंवा उसाचं पाचट नाही ना, हे बघा. सायलेन्सर प्रचंड तापतो. "डीपीएफ काढून सॉफ्टवेअर मारून देतो" म्हणणारे भेटतील. वॉरंटी जाते, पीयूसी आणि पासिंगला (फिटनेसला) अडकता, आणि ते बेकायदा आहे. नको म्हणा.

५. घाट

ब्रेक फेल झाले असं आपण म्हणतो, पण पुष्कळदा ते आपणच घालवलेले असतात. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार सगळ्यांना माहीत आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथे एका ट्रकमुळे चाळीसहून जास्त गाड्यांचं नुकसान झालं. डिझेल वाचवायला उतारावर न्यूट्रल करणं किंवा इंजिन बंद करणं, ही सवय असेल तर आजच सोडा. हवेचा कॉम्प्रेसर इंजिनवर चालतो. इंजिन बंद म्हणजे हवा भरणं बंद, स्टेअरिंग जड, आणि सगळा भार ब्रेकच्या लायनरवर. लायनर तापले की पेडल दाबूनही गाडी थांबत नाही. कसारा असो, खंबाटकी असो की बोरघाट, चढताना जो गिअर लागला असता त्याच गिअरवर उतरा आणि एक्झॉस्ट ब्रेक वापरा. घाटाच्या तोंडाशी हवेचा काटा बघा.

ओव्हरलोडचंही इथेच सांगतो. पकडले गेलात तर २०,००० रुपये आणि वर दर जादा टनाला २,००० रुपये दंड, शिवाय जादा माल उतरवावा लागतो. पण दंड एकदाच होतो. क्लच, पाटे, हब आणि टायर यांचा खर्च प्रत्येक फेरीला तुमच्याच खिशातून जातो.

६. रस्त्यात बंद पडली: पहिली काही मिनिटं

इंजिन नंतर, जीव आधी. हॅझर्ड लावा, जमेल तेवढी डावीकडे, शोल्डरच्याही बाहेर घ्या. गुटके लावा. एक त्रिकोण गाडीपासून निदान ५० मीटरवर, आणि द्रुतगती रस्ता किंवा वळण असेल तर त्याहून पुष्कळ लांब ठेवा. रात्री उभ्या ट्रकमध्ये मागून घुसून माणसं मरतात, आणि टेललाइट बंद असेल तर गुन्हा तुमच्यावर येतो. गाडीखाली शिरण्याआधी हे सगळं झालेलं असलं पाहिजे. क्लीनरला गाडीच्या मागे, रस्त्याच्या बाजूला उभं करू नका.

मग १०३३ ला फोन करा. किलोमीटरच्या दगडावरचा आकडा सांगा. टोलच्या पावतीवरही मदतीचा नंबर असतो. गस्तीची गाडी, क्रेन मागवता येते.

७. जागेवर काम की ओढून न्यायचं

बेल्ट, होस, फिल्टर, हवा पकडलेली डिझेल लाइन, स्टार्टर, अल्टरनेटर, क्लचची केबल किंवा सिलिंडर, पंक्चर: जागेवर करा. हेड, टर्बो, पंप, गिअरबॉक्स, क्रँक: धुळीत उघडू नका. कॉमन रेल इंजिनात डिझेलच्या लाइनमध्ये गेलेला कण नोझल खराब करायला पुरेसा असतो.

क्रेनवाल्याशी भाडं, अंतर आणि थांबण्याचे पैसे, तिन्ही आधी ठरवा आणि मेसेजवर लिहून घ्या. ओढताना दोन गोष्टी सांभाळा. हवा नसली की मागचे स्प्रिंग ब्रेक लागूनच असतात, त्यामुळे क्रेनकडून हवेची लाइन जोडा किंवा ब्रेक चेंबरचे बोल्ट लावून मोकळे करा. आणि प्रोपेलर शाफ्ट उतरवा. इंजिन बंद असताना गिअरबॉक्समध्ये ऑइल फिरत नाही, लांब ओढलं तर गिअरबॉक्स कोरडा घासून जातो. क्रेनवाला "काही होत नाही" म्हणेल. त्याच्या वेळेपेक्षा तुमचा गिअरबॉक्स महाग आहे.

८. गॅरेज

गाडी वॉरंटीत असेल तर दुसरीकडे एक बोल्टही उघडू नका, थांबावं लागलं तरी चालेल. वॉरंटी संपल्यावर चांगला स्वतंत्र मिस्त्री बऱ्याचदा परवडतो. निगडीचं ट्रान्सपोर्टनगर, कळंबोली, नाशिकचं आडगाव अशा ट्रकच्या अड्ड्यांवर पार्ट, बोरिंग, नोझल-पंपवाले जवळजवळ मिळतात आणि दिवस वाचतात.

चांगलं गॅरेज कसं ओळखायचं? तिथे पेट्यांमध्ये सुटे पार्ट गाडीनुसार वेगळे ठेवलेत का बघा. टॉर्क रेंच आहे का विचारा. हेडचे बोल्ट अंदाजाने आवळणारा माणूस पुढच्या महिन्यात तुम्हाला परत बोलावणार. मिस्त्री आधी प्रश्न विचारतो की आधी पाना उचलतो, तेही पाहा. मी तरी विचारणाऱ्याकडेच जातो.

उघडण्याआधी कागदावर हे ठरवा:

- नेमकं काय उघडायचं आणि मजुरी किती. "उघडल्यावर बघू" हे मजुरीला चालत नाही.
- पार्ट कोण आणणार, आणि जेन्युइन की लोकल. शक्यतो स्वतः जाऊन पक्क्या बिलावर घ्या.
- नवीन काही काम निघालं तर फोटो पाठवून, विचारून मगच.
- काढलेले जुने पार्ट परत.
- किती दिवस, आणि कामाची हमी किती.

अॅडव्हान्स पार्टपुरता द्या. सगळी मजुरी आधी दिलेली गाडी कोपऱ्यात सरकते आणि रोख घेऊन आलेली दुसरी गाडी पुढे जाते.

इंजिन बांधायचं ठरलंच, तर शक्य तितका वेळ तिथे हजर राहा. क्रँकचं माप मायक्रोमीटरने घेतलं का, ग्राइंडिंग कितीचं केलं आणि बेअरिंग त्याच मापाची आली का, हेडची प्रेशर टेस्ट झाली का, लायनर ब्लॉकच्या वर योग्य मापात उभे आहेत का, हे विचारा. विचारल्याने मिस्त्री रागावत नाही, उलट सावध होतो. जुनी बेअरिंग हातात घेऊन बघा: तांबं दिसेपर्यंत घासली असतील तर ऑइल प्रेशर का गेलं हेही शोधायला लावा, नाहीतर नवीन बेअरिंगही त्याच वाटेने जाईल. ऑइल कूलर आणि रेडिएटर धुतल्याशिवाय नवीन इंजिन बसवू देऊ नका. सुरुवातीला हलका माल, कमी आरपीएम, आणि मिस्त्री सांगेल तेव्हा पहिलं ऑइल बदलणं.

पैशाचं: प्रत्येक भाड्यातून दुरुस्तीची रक्कम वेगळ्या खात्यात टाका, हप्त्याच्या आधी. त्या खात्याचं कार्ड घरी ठेवा.

९. गाडीवरचा माल

पार्टीला लगेच फोन करा. लपवलं की विश्वास जातो. तासगावची द्राक्षं किंवा नारायणगावचा टोमॅटो असेल तर दुरुस्तीची वाट बघत बसू नका, दुसरी गाडी लावा. माल दुसऱ्या गाडीत भरला की ती हलण्याआधी ई-वे बिलाच्या भाग-ब मध्ये नवीन गाडीचा नंबर टाकावा लागतो. ई-वे बिल साधारण दर २०० किलोमीटरला एक दिवस चालतं. मुदत संपण्याच्या ८ तास आधीपासून ८ तास नंतरपर्यंत ती वाढवून मिळते. गॅरेजमध्ये दिवस मोजताना हे घड्याळही बघा. गाडीच्या विम्यात माल येत नाही, त्यामुळे मालाचा विमा कोणाचा आहे हे भरतानाच विचारून घ्या.

१०. अपघात झाला तर

थांबा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ प्रमाणे जखमीला उपचार मिळवून देणं आणि पोलिसांना २४ तासांच्या आत कळवणं चालकाचं कर्तव्य आहे. जमाव अंगावर येत असेल तर जिवाला धोका पत्करून तिथे उभं राहा असं कायदा म्हणत नाही. सरळ जवळच्या पोलीस ठाण्यात जा आणि ११२ ला फोन करून तसं सांगा, म्हणजे नोंद राहते. पळून गेलात तर मात्र बाजू मांडायला जागा उरत नाही. २०२५ पासून अपघातातल्या जखमीला ७ दिवसांपर्यंत, दीड लाखापर्यंत विनारोकड उपचारांची योजना आहे. "पैसे कोण भरणार" या भीतीने कोणाला रस्त्यावर पडू देऊ नका.

गाडी हलवण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढा: नंबरप्लेट, टायरच्या खुणा, समोरची गाडी, रस्ता. साक्षीदारांचे नंबर घ्या. कोऱ्या कागदावर सही करू नका. जागेवर पैसे देऊन मिटवलेलं प्रकरण नंतर उलटतं. कोणी जखमी असेल तर मिटवूच नका.

गाडी ठाण्यात गेली तर आरटीओच्या निरीक्षकाची तपासणी होते. कलम १३६ प्रमाणे सोपस्कार झाल्यावर गाडी २४ तासांत परत मिळायला हवी. ती अडली तर वकिलामार्फत न्यायालयात सुपूर्तनाम्याचा (गाडी ताब्यात मिळण्याचा) अर्ज करा. ठाण्याच्या आवारात उभी करताना बॅटरी, स्टेपनी, टायरचे नंबर आणि डिझेलची पातळी पंचनाम्यात लिहून घ्या.

११. विम्याचा क्लेम

त्याच दिवशी कळवा आणि क्लेम नंबर घ्या. सर्व्हेअर (नुकसान तपासायला येणारा माणूस) येईपर्यंत गाडी उघडू नका. पुढची गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते: दगडावर आदळून ऑइलचा संप (इंजिनखालची ऑइलची टाकी) फुटला आणि तुम्ही तसंच चालवत नेलं, तर कंपनी संपचे पैसे देते, सीझ झालेल्या इंजिनचे नाही. म्हणून अपघातानंतर खाली वाकून गळती बघा, आणि शंका असली तरी ओढूनच न्या. नुसता यांत्रिक बिघाड साध्या पॉलिसीत येतच नाही.

रबर, प्लास्टिक, टायर आणि बॅटरीवर निम्मी कपात होते, धातूच्या पार्टवर गाडीच्या वयाप्रमाणे, काचेवर नाही. बंपर, हेडलाइट, मडगार्ड, बॉनेटच्या बाजू आणि रंग ट्रकच्या साध्या पॉलिसीत बसत नाहीत. त्यासाठी आयएमटी २३ हे जोडकलम लागतं. नूतनीकरणाच्या वेळी एजंट स्वस्त दाखवायला तेच काढून टाकतो, म्हणून ओळ शोधून बघा. सर्व्हेअरसमोर गॅरेजवाल्याला बसवा, प्रत्येक पार्टवर "बदल" की "दुरुस्ती" हे तिथेच लिहून घ्या, आणि बदललेला प्रत्येक जुना पार्ट अंतिम तपासणी होईपर्यंत गॅरेजमधून हलू देऊ नका.